डबीवरची तारीख

"ताई, ह्याला गोठ्याचा वास यायलाय की ओ."

एप्रिल 2024 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या एका ताईंचा फोन आला, तो या वाक्यानं. त्या तिथला बचत गट चालवतात. आमच्या टाचांच्या क्रीमच्या चाळीस डब्या त्यांनी गटातल्या बायकांना विकल्या होत्या. मी म्हटलं, एखादी डबी उन्हात राहिली असेल. "न्हाई ओ, तिघीचौघींनी सांगितलंय. मी बी झाकण काढून बघितलं. नाकात जातंय नुसतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीवरून मुरगूड गाठलं. पत्र्याची खोली, खिडकीशेजारी फळी आणि फळीवर उरलेल्या अकरा डब्या. दहाच वाजले होते, पण पत्रा तापायला लागला होता. डबी हातात घेतली तर कोमट लागली. झाकण फिरवलं आणि वास आला, गोठ्यातल्या ओल्या कोपऱ्याला येतो तोच. अमोनिया. क्रीमही बदललं होतं. नोव्हेंबरमध्ये भरलं तेव्हा बोटानं उचललं की टोक उभं राहायचं, आता डबी कलती केली की ते सायीसारखं सरकत होतं. एका झाकणाच्या आत, कडेला, मोहरीएवढे दोन काळे ठिपके दिसले. ते बघितल्यावर मी सगळ्या डब्या पिशवीत घातल्या, विकलेल्या जेवढ्या परत येतील तेवढ्या मागवून घ्या म्हटलं आणि पैसे तिथंच परत केले. घरी येईपर्यंत ते दोन ठिपके डोळ्यांसमोरून हलले नाहीत. हे क्रीम ज्या कातडीवर लावायचं असतं, ती आधीच फाटलेली असते.

क्रीमची सुरुवात माझ्या आत्तीपासून झाली. ती कागल तालुक्यातल्या एका गावात राहते. जन्मभर उसाच्या रानात भांगलण केलेली बाई. टाचांना अशा भेगा की उन्हाळ्यात अंथरुणाला रक्ताचे डाग पडायचे. त्यात शुगर. डॉक्टरांनी दहा टक्के युरिया असलेलं क्रीम लिहून दिलं, आणि तीन आठवड्यांत टाच निवळली. आमच्या घरी कोकणातून येणारं मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, टाचांना चोळायची रीत आधीपासून होतीच. मी एम.एस्सी. केमिस्ट्री केलेली, साखर कारखान्याच्या लॅबमध्ये नऊ वर्षं काढलेली. वाटलं, मुठेल आणि युरिया एकत्र आणून रानात राबणाऱ्या बायकांना परवडेल असं क्रीम आपण करू शकू.

युरिया म्हटलं की इकडं पहिला प्रश्न येतो, "म्हणजे खतातला?" रेणू तोच, माल तो नव्हे. खताच्या युरियाला कडुनिंबाचा लेप असतो आणि तो कातडीसाठी शुद्ध केलेला नसतो. क्रीमसाठी वेगळ्या शुद्धतेचा घ्यावा लागतो. आपल्या त्वचेच्या वरच्या थरात ओलावा धरून ठेवणाऱ्या द्रव्यांत युरिया मुळातच असतो. टाचेच्या जाड, कोरड्या कातडीत तो कमी पडतो, म्हणून बाहेरून द्यायचा.

घरच्या लहान लहान बॅच उत्तम व्हायच्या. आत्ती, शेजारच्या काकू, माझी आई, सगळ्यांनी वापरल्या. पण घरी केलेली डबी महिन्याभरात संपायची. तिसऱ्या, चौथ्या महिन्यात तिचं काय होतं हे बघायला कुठलीच डबी कधी उरली नाही. हे माझ्या लक्षात यायला मुरगूडचा फोन यावा लागला.

विकायचं म्हणजे लायसन्स लागतं. कॉस्मेटिक्स रूल्स 2020 प्रमाणे ज्यांच्याकडे कारखाना आणि परवाना आहे अशा एका युनिटमध्ये लोन लायसन्सवर, म्हणजे दुसऱ्याच्या कारखान्यात माल करायच्या परवान्यावर, बॅच करून घेतली. 600 डब्या. त्यांनी त्या दिवशीच्या चाचण्या केल्या: पीएच (आम्लतेचं माप, आकडा कमी तितकं आम्ल जास्त), दिसणं, आणि त्वचेच्या क्रीमच्या आयएस 6608 या भारतीय मानकातली उष्णतेची चाचणी. क्रीम 45 अंशांला 48 तास ठेवायचं आणि तेल सुटतंय का बघायचं. सुटलं नाही. डबीवर 'वापरण्याची मुदत' किती छापायची म्हणून विचारलं, तर उत्तर आलं, "सगळे 24 महिने छापतात." मीही 24 छापले. 48 तासांची चाचणी पास झाली म्हणजे माल दोन वर्षं टिकेल असं त्या मानकात कुठंही म्हटलेलं नाही. मी मात्र तसं धरून चालले. त्या तारखेमागे माझ्याकडे एकही आकडा नव्हता, आणि ही गोष्ट मला अजून टोचते.

मे महिन्यात परत आलेल्या डब्या घेऊन मी एका खासगी चाचणी प्रयोगशाळेत गेले. तिथल्या मॅडमनी डबी हातात घेतली आणि पहिला प्रश्न विचारला, "चार्ज कधी केलं होतंत?" चार्ज करणं म्हणजे ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या तापमानाच्या कपाटात सॅम्पल ठेवणं. मी म्हटलं, केलंच नव्हतं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मग आधी हेच बिघडवून बघू. कसं बिघडतंय ते कळल्याशिवाय दुरुस्त काय करणार?"

म्हणून पहिला महिना आम्ही जुनाच फॉर्म्युला नव्याने करून तो बिघडताना पाहिला. चार जागा होत्या: फ्रिजमध्ये 4 अंश, एक कपाट 30 अंशांचं, एक 40 अंश आणि 75 टक्के आर्द्रतेचं, आणि एक ओव्हन 45 अंशांचा. शिवाय दोन काचेच्या बाटल्या दक्षिणेच्या खिडकीत, एक उघडी आणि एक फॉइलमध्ये गुंडाळलेली, उजेडानं रंग किंवा वास बदलतो का ते पाहायला. फ्रिजमधलं सॅम्पल म्हणजे साक्षीदार. ते जवळजवळ पहिल्या दिवसासारखंच राहतं, म्हणून प्रत्येक वेळी बाकीची सॅम्पल त्याच्या शेजारी ठेवून बघायची. रंग आणि वास यांची आपली आठवण फार फसवी असते. मागच्या आठवड्यातला पांढरा आणि आजचा पांढरा एकच आहे असं मन सांगतं. शेजारी शेजारी ठेवलं की पिवळसर छटा लगेच कळते.

मॅडमचा एक नियम मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. 'ठीक' हा शब्द वहीत लिहायचा नाही. काय दिसलं ते लिहायचं. चमक आहे का, कडेला पाण्याची रेघ आहे का, बोटांत चोळताना कण लागतात का, वास पहिल्या दिवसाइतका आहे की फिकट झालाय की त्यात दुसरं काही मिसळलंय. साखरेच्या लॅबमध्ये मी वर्षानुवर्षं आकडे लिहिले, पण बघितलेलं शब्दांत लिहायला मी इथं शिकले.

पीएचसाठी दहा ग्रॅम क्रीम 90 मिली डिस्टिल्ड पाण्यात ढवळून घ्यायचं, मीटर 4 आणि 7 पीएचच्या ठरलेल्या द्रावणांवर (बफरवर) लावून घ्यायचा, द्रावण 25 अंशांवर आलं की वाचायचं. दाटपणा ब्रुकफिल्ड व्हिस्कोमीटरवर, आणि स्पिंडलचा (क्रीममध्ये फिरणाऱ्या दांड्याचा) नंबर, फेरे आणि तापमान लिहिल्याशिवाय तो आकडा वहीत घ्यायचा नाही. स्पिंडल बदलला की आकडा बदलतो. मागच्या वेळी कुठला लावला होता हे लिहिलेलं नसेल तर दोन आकड्यांची तुलनाच करता येत नाही.

पहिल्या दिवशी पीएच 5.2 होता. दोन आठवड्यांनी 40 अंशांच्या सॅम्पलचा 6.3. अठ्ठाविसाव्या दिवशी 7.2. त्याच दिवशी 45 अंशांच्या डबीचं झाकण काढायच्या आधी मॅडमनी तांबड्या लिटमसची पट्टी पाण्यात भिजवून माझ्या हातात दिली. झाकण काढलं, पट्टी क्रीमला न लावता नुसती तोंडाशी धरली. खालच्या टोकापासून निळा रंग चढत गेला. वास मी मुरगूडला घेतला होता, पण डोळ्यांदेखत रंग चढताना पाहणं वेगळं होतं. हवेतून आलेल्या वायूनं कागद निळा केला होता, आणि तो वायू माझ्या डबीतून येत होता.

युरिया पाण्यात हळूहळू फुटतो आणि अमोनिया देतो. थंडीत फार सावकाश, उष्णतेत भराभर. त्यात माझी एक चूक अशी, की मी युरिया गरम पाण्याच्या भागात, 75 अंशांला, मेण वितळवायच्या वेळीच टाकत होते. म्हणजे क्रीम होण्याआधीच त्याची फूट सुरू होत होती. साखर कारखान्यात उसाच्या रसाचा पीएच खाली गेला आणि रस तापलेला राहिला की साखर इन्व्हर्ट होते, म्हणून चुना घालून पीएच सांभाळणं हे आमचं रोजचं काम. पीएच आणि उष्णता मिळून रेणूचं काय करतात हे मी नऊ वर्षं रोज पाहत होते. तेच डबीतही चालू असणार हे मात्र सुचलं नाही.

आता त्या काळ्या ठिपक्यांकडे येते, कारण सगळ्यात महत्त्वाचं तेच. बुरशी आणि जिवाणू वाढू नयेत म्हणून मी सोडियम बेन्झोएट घातलं होतं. बेन्झोएट स्वतः फारसं काम करत नाही. काम करतं ते त्याचं आम्ल, बेन्झॉइक अॅसिड, तेही पाण्यात न फुटलेल्या रूपात. त्याचा पीकेए 4.2. पीएच 4.2 असेल तर निम्मं बेन्झोएट त्या कामाच्या रूपात असतं. 5.2 ला साधारण नऊ टक्के. 6.2 ला एक टक्का. आणि 7.2 ला हजारात एक. म्हणजे युरियानं पीएच दोन अंकांनी वर नेला आणि माझं प्रिझर्व्हेटिव्ह डबीत असूनही नसल्यासारखं झालं. परत आलेल्या एका डबीतले जिवाणू मोजून घेतले तर ग्रॅममागे 4,200 निघाले. आयएस 6608 ची मर्यादा 1,000 ची आहे. शुगर असलेल्या बाईच्या टाचेच्या भेगेत हे जाणार. त्या रात्री मी आत्तीला फोन करून तिच्या कपाटातली डबी टाकून द्यायला सांगितली. तिनं विचारलं, "का गं, बरी हुती की." मी नुसतं टाक म्हटलं.

रोग कळला म्हणून औषध लगेच सापडलं असं मात्र झालं नाही.

उपाय सरळ वाटला. लॅक्टिक अॅसिड आणि सोडियम लॅक्टेट यांचा बफर घालायचा, पीएच 4.5 ला बांधायचा. अमोनिया थोडा सुटला तरी आम्ल त्याला गिळेल, आणि बेन्झोएटचाही जवळपास तिसरा हिस्सा कामाचा राहील. जूनच्या शेवटी नवी बॅच केली. युरिया यावेळी क्रीम 40 अंशांच्या खाली उतरल्यावर, थोड्या पाण्यात वेगळा विरघळवून घातला. युरिया विरघळताना उष्णता ओढून घेतो. हातातला बीकर बघता बघता गार पडला आणि पावसाळी हवेत त्याच्या बाहेरच्या अंगावर दव धरलं, माठाला धरतं तसं. छान गुळगुळीत क्रीम झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी बरणी कलती केली तर दह्याच्या निवळीसारखं वाहिलं. जुन्या फॉर्म्युल्याचा दाटपणा 42,000 सेंटीपॉइज, ह्याचा 9,000 पण नाही.

दोष होता क्रीम दाट करण्यासाठी घातलेल्या कार्बोमरचा, म्हणजे खरं तर मी त्याला चुकीच्या जागी नेमल्याचा. कार्बोमरच्या लांब साखळ्यांवर सारखाच विद्युतभार असतो. त्या एकमेकींना ढकलतात, म्हणून फुगतात आणि पाणी धरून ठेवतात. मीठ पडलं की त्या भारावर पडदा पडतो आणि साखळ्या आक्रसतात. सोडियम लॅक्टेट मीठच. शिवाय 4.5 पीएचला कार्बोमर नीट फुलतही नाही. मुरगूडचं क्रीम सायीसारखं झालं त्यालाही हेच कारण असणार, फुटलेल्या युरियाचे क्षार. एका गोष्टीचा बिघाड दुसरीला धरून ओढत होता, तिसरी त्याच्या मागोमाग.

क्रीम पातळ झालं तर काय बिघडतं, लावायला सोपंच, असं क्रीमच्या कारखान्यातल्या एकानं मला म्हटलं. बिघडतं ते असं. तेलाचे थेंब पाण्यात तरंगत असतात आणि पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे वर जायला बघतात, दुधावर साय येते तसे. किती वेगानं वर जाणार हे स्टोक्सच्या नियमानं कळतं. भोवतालचा द्रव जितका पातळ तितका वेग जास्त, आणि थेंब दुप्पट मोठा तर वेग चौपट. मोठे थेंब वर जातात, एकमेकांना भेटतात, मिळून आणखी मोठे होतात. मग एक दिवस वर तेल आणि खाली पाणी, आणि ते पुन्हा ढवळून जुळत नाही. त्यामुळे दाटपणा कोसळला की थेंब वेगळे व्हायला वाट मोकळी होते.

कार्बोमर काढून झँथन गम घेतला. तो क्षारांना आणि आम्लाला फारसा दबत नाही. गुठळ्या होऊ नयेत म्हणून आधी ग्लिसरीनमध्ये कालवून घ्यावा लागतो. दाटपणा 38,000 ला आला, पुढचे आठ दिवस तिथंच राहिला. बेन्झोएटच्या जोडीला फिनॉक्सिइथेनॉल घेतलं. त्याचं काम पीएचवर तेवढं अवलंबून नसतं, म्हणजे पीएच थोडा सरकला तरी सगळी मदार एकावर राहत नाही. मी सुटकेचा श्वास घेतला आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात चार्ज केलं.

मग थंडी-गरमीचे फेरे. 24 तास 4 अंशांत, 24 तास 45 अंशांत, असे सहा फेरे. ट्रकमधून जाणारा, रात्री दुकानात गार होणारा, दुपारी पत्र्याखाली तापणारा माल असंच आयुष्य काढतो. तिसऱ्या फेऱ्यानंतर बोटांत चोळलं तर कण लागले. तुपाचे रवे लागतात तसे. तूप रवाळ झालं की घरात कौतुक होतं, क्रीम रवाळ झालं तर तो दोष. कारण मात्र एकच. तूप रवाळ हवं असेल तर ते न हलवता सावकाश निवू देतात, त्यामुळे मोठे स्फटिक धरतात. आमच्या मुठेलाचंही तसंच होत होतं. कारखान्यात 50 अंशांना ढवळणं थांबवून बॅच रात्रभर तशीच ठेवत होते. नव्या बॅचला होमोजिनायझरनंतर (तेल-पाणी एकजीव करणाऱ्या यंत्रानंतर) 35 अंशांपर्यंत संथ ढवळत, भांड्याच्या जॅकेटमध्ये गार पाणी फिरवत उतरवलं. पुन्हा सहा फेरे. कण नाहीत. फॉर्म्युल्यातला एकही आकडा बदलला नव्हता, बदललं होतं फक्त निववणं. तेव्हापासून मी बॅचच्या कागदावर थंड होण्याची वेळ आणि तापमान लिहायला लावते, घटकांच्या वजनाइतक्याच काटेकोरपणे.

आधीची सगळी सॅम्पल बाद. पहिल्या तारखेपासून सुरुवात. 22 जुलै 2024 ला पुन्हा चार्ज केलं.

त्याच आठवड्यात पाऊस बेफाम झाला. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून गेली. लॅबच्या भागात लाईट गेली ती रात्रभर. जनरेटर होता, तो काही तासांनी बंद पडला. सकाळी डेटा लॉगरचा आलेख काढला तर 40 अंशांचं कपाट हळूहळू 27 पर्यंत उतरलेलं आणि अकरा तास तिथंच. मला पोटात गोळा आला, पुन्हा सगळं पहिल्यापासून की काय. मॅडम म्हणाल्या, थंड झाल्यानं सॅम्पल खराब झालेलं नाही, त्याची परीक्षा अकरा तासांनी सोपी झाली एवढंच. पण हे रिपोर्टमध्ये तारखेसकट लिहायचं आणि शेवटचं सॅम्पल एक दिवस उशिरा काढायचं. तसंच केलं. तो आलेख रिपोर्टला जोडलेला आहे. कुणाला दाखवताना मी तो झाकत नाही.

इथं घाईच्या परीक्षेबद्दल मला वाटतं ते सांगते. दहा अंश वाढले की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ठोकताळा सगळे वापरतात, आणि त्यावरून, दुकान 20 अंशांचं धरून, 40 अंशांचे तीन महिने म्हणजे दुकानातलं एक वर्ष असा हिशेब मांडतात. युरिया फुटणं, तेल खवट होणं, सुगंधाचा रंग बदलणं, अशा गोष्टींना हा हिशेब अंदाजानं लागू पडतो. क्रीमच्या बांधणीला तो तसा लागू पडत नाही. मुठेल 40 अंशांच्या आसपास वितळतं. म्हणजे 45 च्या ओव्हनमध्ये जे क्रीम आहे त्याच्या थेंबांच्या आतलं सगळं पातळ झालेलं आहे, फळीवरच्या डबीत ते घट्ट आहे. त्या दोन वेगळ्या वस्तू झाल्या. तिथं काही फाटलं तर इथं फाटेलच असं नाही. उलटही खरं, रवाळपणा गरम कपाटात कधीच दिसला नसता. मिनिटाला 3,000 फेऱ्यांवर अर्धा तास सेंट्रिफ्यूज (गरगर फिरवून थर वेगळे करू पाहणारं यंत्र) फिरवण्याचंही तसंच. त्यात टिकलं तर बरं वाटतं, पण तो इशारा असतो, निकाल नव्हे. खरा निकाल 30 अंशांच्या कपाटातलाच, आणि तो कॅलेंडरच्याच वेगानं लागतो.

डबीचा निर्णयही याच काळात झाला. प्रत्येक सॅम्पल आत ठेवताना वजन केलं होतं. चार आठवड्यांत 40 अंशांच्या डब्या तीन टक्क्यांनी हलक्या झाल्या. झाकणातला वॅड, म्हणजे आतली चकती, नीट बसत नव्हता, तिथून पाणी उडत होतं, आणि दोन डब्यांच्या काठाला युरियाच्या बारीक सुया जमल्या होत्या. नखानं काढल्या तर मिठासारख्या कुरकुरल्या. त्याच बॅचच्या लॅमिनेटेड ट्यूबांचं वजन बारा आठवड्यांत अर्ध्या टक्क्यानंही उतरलं नाही. डबी स्वस्त पडते, बायकांना रिकामी डबी पुढं कामालाही येते, हे मला माहीत आहे. पण भाकरी करून, शेण काढून आलेलं बोट दिवसातून दोनदा डबीत जाणार. ट्यूबमध्ये ते जात नाही. मी ट्यूब घेतली.

शेवटची परीक्षा प्रिझर्व्हेटिव्हची, चॅलेंज टेस्ट. क्रीममध्ये मुद्दाम जंतू सोडायचे: स्युडोमोनास, स्टॅफिलोकोकस, ई. कोलाय, कॅन्डिडा हे यीस्ट आणि अॅस्परजिलस ही बुरशी. मग 7, 14 आणि 28 व्या दिवशी किती उरले ते मोजायचं. आयएसओ 11930 या आंतरराष्ट्रीय मानकाची जास्त कडक अट अशी, की सात दिवसांत जिवाणू हजारपट कमी झाले पाहिजेत आणि पुढं वाढता कामा नयेत. मी आग्रह धरला की ताज्या क्रीमबरोबर 40 अंशांत दोन महिने काढलेल्या क्रीमचीही ही परीक्षा करा. जुन्या फॉर्म्युल्याची ताजी डबी कदाचित पास झाली असती. ठिपके पाचव्या महिन्यात आले होते. दुप्पट खर्च झाला. दोन्ही पास झाली.

सप्टेंबरच्या अखेरीस मुरगूडच्या ताईंचा फोन. "दिवाळीला द्या की ओ, बायका विचारायल्यात." शेवटचं सॅम्पल काढायची तारीख 23 ऑक्टोबर होती, आणि त्यानंतर बॅच, ट्यूब, छपाई. दिवाळी त्याच महिन्याच्या शेवटी. दोन महिन्यांचे आकडे चांगले होते, आणि कारखान्यातून सुचवलं गेलं की आता बनवायला घेऊ, रिपोर्ट येईल मागनं. मी ताईंना नाही म्हणून सांगितलं. त्या क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "बरं. पण ह्या खेपंला वास नगं."

23 ऑक्टोबरला 40 अंशांच्या ट्यूबचा पीएच 4.9, दाटपणा 35,500. सूक्ष्मदर्शकाखाली थेंब बारीक, पहिल्या दिवसाच्या फोटोशेजारी ठेवले तर थोडेसेच वाढलेले. रंगाला किंचित पिवळी छटा, ती मी लिहिली. ओली तांबडी लिटमस ट्यूबच्या तोंडाशी धरली, मिनिटभर. तांबडीच राहिली. मॅडमनी ती पट्टी माझ्या वहीत चिकटपट्टीनं लावून दिली, अठ्ठाविसाव्या दिवसाच्या निळ्या पट्टीच्या समोरच्या पानावर.

ट्यूबवर मुदत 12 महिने छापली. कारखान्यातून पुन्हा विचारणा झाली, बाजारातल्या ट्यूबांवर 24 असतात, दुकानदार कमी मुदतीचा माल घेताना कुरकुर करतात. करतात खरे. गारगोटीच्या एकानं परतच केला. पण माझ्याकडे आकडे होते ते घाईच्या परीक्षेचे, ठोकताळ्यानं बारा महिन्यांपुरते, म्हणून बाराच.

डिसेंबरमध्ये पहिला खोका मुरगूडला नेला. त्याच पत्र्याच्या खोलीत आठदहा जणी बसल्या होत्या. ताईंनी ट्यूबचं झाकण काढून आधी वास घेतला आणि काही न बोलता शेजारणीकडं दिली. ट्यूब हातोहात सगळ्या खोलीतून फिरली, प्रत्येकीनं नाकाला लावली, आणि परत आल्यावर ताईंनी वहीत नावं लिहायला घेतली.

22 जुलै 2025 ला 30 अंशांच्या कपाटातली बारा महिन्यांची ट्यूब काढली. पीएच 4.7, दाटपणा 36,000, वजनात घट 0.3 टक्के, कण नाहीत, पाण्याची रेघ नाही, वास फ्रिजमधल्या सॅम्पलपेक्षा किंचित फिकट. अठरा महिन्यांसाठी ट्यूब क्रमांक 32 ते 34 राखून ठेवल्यात, काढायची तारीख 22 जानेवारी 2026. ती नोंद होईपर्यंत छपाईचा ब्लॉक बदलायचा नाही, असं कारखान्याला लेखी कळवलंय.